नियमांची चौकट आणि हरवलेले पहिले प्रेम

गेल्या काही वर्षांत आपल्या देशातील ख्रिस्तसभेला दोन वेगळे अनुभव आले. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे चर्चचे दरवाजे बंद झाले आणि रविवारच्या मिस्सेचे बंधन धर्माधिकाऱ्यांनीच शिथिल केले. २०२२ साली, नाताळ अगदी दाराशी आलेला असताना, केरळमधील एर्नाकुलमच्या सेंट मेरीज बॅसिलिकेत पवित्र मिस्सा कोणत्या पद्धतीने अर्पण करावी ह्या वादातून वेदीपाशीच धक्काबुक्की झाली. पहिल्या प्रसंगी नियम काही काळ बाजूला ठेवला गेला. दुसऱ्या प्रसंगी नियमावरून एकाच आईची लेकरे एकमेकांवर उठली. ह्या दोन्ही घटनांचा एकत्र विचार केला तर एक प्रश्न आपणां सर्वांपुढे उभा राहतो. नियमाचा आधार सुटला किंवा नियमच वादात सापडला, तर आपल्या श्रद्धेत शिल्लक काय राहते?

हा प्रश्न केवळ धर्मगुरूंचा किंवा धर्मशास्त्राच्या अभ्यासकांचा नाही. दर रविवारी मिस्सेला येणाऱ्या, शुक्रवार पाळणाऱ्या, मुलांना वेळेवर संस्कार देणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न आहे. म्हणूनच त्याचा शांतपणे विचार व्हावा असे आम्हांला वाटते.

एर्नाकुलमचा धडा

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सिरो-मलबार ख्रिस्तसभा ही कॅथलिक ख्रिस्तसभेतील एक पौर्वात्य परंपरेची सभा आहे. संत थॉमसच्या काळापासूनचा वारसा ती अभिमानाने सांगते. मुंबई-ठाणे परिसरात राहणारे अनेक मलयाळी कॅथलिक बांधव ह्याच परंपरेचे असून त्यांच्यासाठी कल्याणचा धर्मप्रांत १९८८ साली स्थापन झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ह्या सभेत मिस्सेच्या दोन पद्धती रूढ झाल्या. काही धर्मप्रांतांत धर्मगुरू संपूर्ण मिस्सा लोकांकडे तोंड करून अर्पण करीत, तर काही ठिकाणी मिस्सेचा मुख्य भाग वेदीकडे तोंड करून होत असे. १९९९ साली सिनडने एक मध्यम मार्ग सुचवला. वचनाचा भाग लोकांकडे वळून, ख्रिस्तयागाचा भाग वेदीकडे वळून आणि ख्रिस्तप्रसादानंतरचा भाग पुन्हा लोकांकडे वळून, अशी ती एकरूप पद्धत होती. ऑगस्ट २०२१मध्ये सिनडने ती सर्वत्र लागू करण्याचे ठरवले आणि २८ नोव्हेंबर २०२१ ही अंमलबजावणीची तारीख ठरली.

एर्नाकुलम-अंगमाली महाधर्मप्रांतातील बहुसंख्य धर्मगुरूंनी व अनेक श्रद्धावंतांनी तिला विरोध केला. सुमारे पन्नास वर्षे ज्या पद्धतीने आपण प्रार्थना केली ती सोडण्यास ते तयार नव्हते. वाद चिघळला. नोव्हेंबर २०२२च्या अखेरीस बॅसिलिका बंद करण्यात आली. पुढच्याच महिन्यात, २३ व २४ डिसेंबरला, दोन्ही बाजूंचे लोक त्या पवित्र स्थळी समोरासमोर आले आणि पोलिसांना हस्तक्षेप करावा लागला. त्या वर्षी बॅसिलिकेत नाताळची मिस्सा होऊ शकली नाही. डिसेंबर २०२३मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांना चित्रफितीद्वारे थेट संदेश देऊन ऐक्य न तोडण्याची कळकळीची विनंती करावी लागली. त्यानंतर २०२४ व २०२५ साली समझोत्याचे प्रयत्न झाले आणि त्यांतून काही वाट निघाली.

ह्या वादात कोणती बाजू बरोबर हे ठरवण्याचा अधिकार आमचा नाही. उपासनाविधी ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. धर्मगुरूने कोणत्या दिशेला तोंड करावे ह्यामागे शतकांचे चिंतन आहे. पूर्वेकडे वळून प्रभूच्या पुनरागमनाची वाट पाहणे ह्याला अर्थ आहे, आणि प्रभूच्या मेजाभोवती एक कुटुंब म्हणून जमणे ह्यालाही अर्थ आहे. सिनडच्या निर्णयाचे आज्ञापालन करणे म्हणजे कर्मठपणा नव्हे, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्या संस्कारात आपण सर्व जण एकाच भाकरीचे वाटेकरी होतो, त्या संस्काराच्या विधीवरून आपण एकमेकांना ढकलले. मिस्सेपूर्वी भावाशी समेट करावा, मगच वेदीवर अर्पण आणावे, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). तो शब्द त्या दिवशी कोणालाही आठवला नाही. विधी अचूक असावा ह्याची चिंता सर्वांना होती. ज्याच्यासाठी विधी आहे तो मात्र त्या गर्दीत एकटा पडला. असे केवळ केरळमध्येच घडते असे मानण्याचे कारण नाही. आपल्या धर्मग्रामांतही सणाच्या मिरवणुकीत कोणी पुढे चालावे, गायनमंडळाने कोणते गीत गावे, ख्रिस्तप्रसाद हातावर घ्यावा की जिभेवर, अशा बाबींवरून मने दुखावली गेल्याची उदाहरणे आपणांस नवी नाहीत.

नियम कशासाठी?

येथे कोणी म्हणेल, मग नियमच नकोत. हा निष्कर्ष घाईचा ठरेल. नियमशास्त्र रद्द करण्यासाठी नव्हे तर पूर्ण करण्यासाठी आपण आलो आहोत, असे प्रभू येशूने स्वतःच म्हटले आहे. तो शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात जात असे, सणांसाठी यरुशलेमला जात असे आणि बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला नियमाप्रमाणे याजकाकडे पाठवत असे. परूशी लोकांवर त्याने टीका केली, ती ते नियम पाळत होते म्हणून नव्हे. पुदिना, बडीशेप आणि जिरे ह्यांचाही दशमांश देताना न्याय, दया आणि विश्वास ह्या नियमशास्त्रातील भारी गोष्टी ते सोडून देत होते, ही त्याची तक्रार होती. आणि त्या करायला हव्याच होत्या, पण ह्याही सोडायला नको होत्या, असे त्याने पुढे सांगितले (मत्तय २३:२३). शिवाय सर्व परूशी ढोंगी होते असे समजणेही अन्यायाचे आहे. रात्री प्रभूला भेटायला येणारा निकदेम परूशीच होता, आणि प्रेषितांच्या बाजूने न्यायसभेत शहाणपणाचे बोल बोलणारा गमलिएलही परूशीच होता. परूशीपणा ही एखाद्या समाजाची नव्हे, कोणाही धार्मिक माणसाच्या अंतःकरणाची व्याधी आहे, आणि ती आपल्या घरातही शिरू शकते.

ख्रिस्तसभेचा कायदाही हेच सांगतो. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी २५ जानेवारी १९८३ रोजी जाहीर केलेल्या कॅनन कायद्यात १,७५२ कलमे आहेत. शेवटच्या कलमाचा शेवट आत्म्यांच्या तारणाकडे बोट दाखवून होतो, कारण तोच ख्रिस्तसभेत सर्वश्रेष्ठ नियम मानला पाहिजे. एवढे मोठे कायद्याचे पुस्तक अशा वाक्यावर संपते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या शेतकरी बांधवांना हे समजावून सांगावे लागत नाही. शेताला बांध हवा, कारण बांध नसेल तर पाणी वाहून जाते. पण कोरड्या शेताचा बांध कितीही उंच केला तरी भात उगवत नाही. नियम हा बांध आहे. प्रभूवरील जिवंत प्रेम हे पाणी आहे.

किमान मर्यादाच जेव्हा ध्येय बनते

मग नियमपालन बिघडते कोठे? इतिहासात ह्याची दोन रूपे दिसतात.

पहिले रूप असे: नियमाने घालून दिलेली किमान मर्यादा लोक कमाल मर्यादा मानू लागतात. १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक जाणत्या श्रद्धावंताने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करावे आणि निदान पुनरुत्थान सणाच्या काळात ख्रिस्तप्रसाद घ्यावा असा नियम केला. त्या काळी लोक ह्या संस्कारांपासून दूर गेले होते. निदान वर्षातून एकदा तरी त्यांनी यावे म्हणून मातेच्या काळजीने घातलेला तो नियम होता. परंतु हळूहळू अनेकांनी त्याचा अर्थ, वर्षातून एकदा केले की काम भागते, असा घेतला. आजही आपल्याकडे विचारले जाणारे प्रश्न पाहा. मिस्सेला किती उशिरा आलो तर मिस्सा ‘लागू’ होते? शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारसाठी चालते का? ह्या प्रश्नांची उत्तरे देता येतात आणि कधी कधी ती द्यावीही लागतात. पण आईला भेटायला जाताना किती मिनिटे बसले म्हणजे भेट झाली असे धरावे, हे कोणी विचारत नाही. तसे विचारावेसे वाटले, तर दोष वेळेच्या हिशेबात नसून नात्यात आहे असे समजावे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. केवळ कडक माणूसच कर्मठ असतो असे नाही. कमीत कमी करून सुटका करून घेऊ पाहणारा ढिला माणूसही तितकाच कर्मठ असतो, कारण दोघेही देवाशी हिशेबाची वही उघडून बसलेले असतात.

दुसरे रूप ह्याच्या उलट आहे. सतराव्या शतकात फ्रान्स व आसपासच्या प्रदेशात जान्सेनवाद नावाचा पंथविचार पसरला. ईप्रचे बिशप कॉर्नेलियस जान्सेन ह्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातील विचारांतून काढलेल्या पाच विधानांचा पोप दहावे इनोसंट ह्यांनी १६५३ साली निषेध केला. ह्या मंडळींचे आचरण शिथिल नव्हते. उलट ते अत्यंत कडक होते. ख्रिस्तप्रसाद घेण्याची पात्रता इतकी मोठी मानली गेली की पुष्कळ भाविकांनी भीतीपोटी तो घेणेच सोडले. १६४३ साली आंत्वान आर्नो ह्यांनी वारंवार ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या विषयावर लिहिलेल्या ग्रंथाने ह्या भीतीला आणखी बळ दिले. भुकेल्यांसाठी मांडलेले मेज निर्दोष लोकांचे बक्षीस बनले.

ह्याच काळात, १६७३ ते १६७५ ह्या वर्षांत, फ्रान्समधील पारे-ल-मोनियाल येथील मठात संत मार्गारेट मेरी आलाकोक ह्यांना प्रभू येशूच्या पवित्र हृदयाची दर्शने झाली. जेथे देव दुरून हिशेब मागणारा न्यायाधीश वाटत होता, तेथे प्रेमाने पेटलेले आणि माणसाच्या उपेक्षेने दुखावलेले हृदय पुढे आले. ही भक्ती पुढे जगभर पसरली. आपल्या वाडीवस्तीतील घराघरांत समोरच्या भिंतीवर जी पवित्र हृदयाची तसबीर असते, तिचा उगम ह्या इतिहासात आहे. तरीही जान्सेनवादाची भीती मनांतून जायला फार वेळ लागला. २० डिसेंबर १९०५ रोजी संत पोप दहावे पायस ह्यांच्या काळातील आदेशाने वारंवार, अगदी दररोजही, ख्रिस्तप्रसाद घेण्यास उत्तेजन दिले. त्यासाठी कृपावस्था आणि योग्य हेतू एवढेच आवश्यक आहे असे ठरले. १९१० साली समज आलेल्या लहान मुलांसाठी, म्हणजे साधारण सातव्या वर्षापासून, हे दार उघडले गेले. आपल्या मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद लहान वयात होतो तो ह्याच निर्णयामुळे.

अलीकडील पोप महोदयांची शिकवण

हा केवळ जुना इतिहास असता तर त्याची उजळणी करण्याची गरज नव्हती. पोप फ्रान्सिस ह्यांनी आपल्या कारकिर्दीत ह्या धोक्याकडे वारंवार लक्ष वेधले. २०१३ सालच्या ‘एवांगेली गाउदियुम’ ह्या प्रबोधनपत्रात त्यांनी ख्रिस्तसभा जकातनाका नसून पित्याचे घर आहे, ह्या अर्थाचे विचार मांडले. १९ मार्च २०१८ रोजी दिलेल्या ‘गाउदेते एत एक्सुल्ताते’ ह्या पवित्रतेवरील पत्रात त्यांनी पवित्रतेचे दोन सूक्ष्म शत्रू सांगितले. त्यांपैकी एक म्हणजे पेलाजियसच्या विचारांचे नवे रूप. पाचव्या शतकात ह्या मताविरुद्ध संत ऑगस्टीन ह्यांनी लढा दिला होता. देवाच्या कृपेपेक्षा आपल्याच प्रयत्नांवर आणि आपण पाळलेल्या नियमांवर विसंबणे हा त्याचा गाभा आहे. नियमांचे वेड, विधींतील काटेकोरपणाचा दिखावा, आपल्या सामाजिक वा राजकीय यशाचे आकर्षण, संस्थांच्या कारभारातच मिळणारे समाधान, अशी त्याची लक्षणे त्यांनी त्या पत्रात दाखवून दिली.

२९ जून २०२२ रोजी उपासनेवर लिहिलेल्या पत्रात त्यांनी तोल सांभाळला आहे. विधी निष्काळजीपणे उरकणे चूक आहे आणि प्रत्येक सूचना पाळली पाहिजे. परंतु केवळ सूचना पाळल्याने उपासना पूर्ण होत नाही, असे त्यांचे सांगणे आहे. शेवटी २४ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांनी पवित्र हृदयावर ‘दिलेक्सित नोस’ हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. पारे-ल-मोनियाल येथील दर्शनांना साडेतीनशे वर्षे होत असतानाचा हा काळ होता. जान्सेनवादाची वृत्ती आजच्या ख्रिस्तसभेतही नव्या रूपात डोके वर काढीत आहे, असा इशारा त्यांनी त्यात दिला. त्याचबरोबर बाह्य उपक्रम, रचनेतील फेरबदल आणि योजनांच्या मागे लागून शुभवर्तमानाचा गाभाच विसरणाऱ्या समूहांबद्दलही त्यांनी चिंता व्यक्त केली. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी देवाघरी गेले. त्यांचे उत्तराधिकारी पोप चौदावे लिओ ह्यांनी ऑक्टोबर २०२५मध्ये आपले पहिले प्रबोधनपत्र ‘दिलेक्सी ते’ दिले. ते गरिबांवरील प्रेमाविषयी आहे. दोन्ही पत्रांच्या शीर्षकांतच प्रेमाचा शब्द आहे. ख्रिस्ताच्या हृदयाशी जडलेले नाते गरिबांच्या दारापर्यंत पोहोचते, हा त्या दोन्ही पत्रांना जोडणारा धागा आहे.

टाळेबंदीने काय दाखवले?

आता पहिल्या प्रसंगाकडे वळू. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी जाहीर झाली. त्या वर्षीचा पवित्र आठवडा आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थान सण आपण घरात बसून पाळला. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि अखेर ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. इतका दीर्घ काळ रविवारची मिस्सा नाही, ही गोष्ट आपल्या आजीआजोबांनीही पाहिली नव्हती.

त्या काळात मिस्सेला न जाणे हे पाप नव्हते. बंधन उठले होते. कॅनन कायद्याचे १२४८वे कलम अशा प्रसंगासाठी आधीपासूनच सांगत आले आहे, की गंभीर कारणामुळे मिस्सेत सहभागी होणे अशक्य असेल तर श्रद्धावंतांनी एकट्याने, कुटुंबाने किंवा समूहाने योग्य वेळ प्रार्थनेत घालवावा, अशी आग्रहाची शिफारस आहे. म्हणजे जेथे सक्ती संपते तेथे कायदा स्वतः भक्तीचा हात धरायला सांगतो. काही घरांत हे घडले. आजीने जपमाळ धरली, नातवंडांनी शुभवर्तमान वाचले, जेवणाचे टेबल प्रार्थनेची जागा झाली. कित्येक कुटुंबांना आपण घरी एकत्र प्रार्थना करू शकतो हे प्रथमच कळले. पण सर्वत्र असे झाले नाही. काही घरांत दूरचित्रवाणीवर मिस्सा चालू राहिली आणि तिच्यासमोर चहा, भाजी निवडणे व मोबाइलही चालू राहिले. काही घरांत तेवढेही झाले नाही. बंधनाबरोबर प्रार्थनाही थांबली. पुढे दरवाजे उघडले तेव्हा काही जण परत आले नाहीत, आणि त्यांना काही हरवल्यासारखेही वाटले नाही.

त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मात्र एक प्रश्न आपण सर्वांनी स्वतःला विचारला पाहिजे. वर्षानुवर्षे आपण मुलांना रविवार पाळायला शिकवले; रविवारी कोणाला भेटायचे ते शिकवले का? धर्मशिक्षणाच्या वर्गात आज्ञा, संस्कार आणि प्रार्थना पाठ करून घेतल्या; प्रभूशी आपल्या शब्दांत बोलायला शिकवले का? दहावी-बारावीनंतर शिक्षण व नोकरीसाठी आपली मुले शहरांत किंवा परदेशी जातात. तेथे त्यांना चर्चला जा असे सांगणारे कोणी नसते, आणि गेला नाहीत तर विचारणारेही कोणी नसते. बाहेरचा धाक संपल्यावर जे टिकते तेवढीच आपण त्यांना दिलेली श्रद्धा.

कर्मठपणाचे दुष्परिणाम संस्कारांच्या व्यवहारातही दिसतात. स्नानसंस्काराचा दाखला शाळाप्रवेशासाठी लागतो म्हणून घाई केली जाते. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वेळी पोशाख, छायाचित्रण आणि जेवणावळीची तयारी अनेक महिने चालते. मुलाच्या मनाच्या तयारीला मात्र शेवटचा आठवडा मिळतो. शुभ शुक्रवारी मांस वर्ज्य असते, पण जमिनीच्या वाटणीवरून न्यायालयात गेलेले दोन भाऊ त्याच दिवशी एकाच क्रुसाचे चुंबन घेऊन एकमेकांकडे न पाहता घरी जातात. नियम दोघांनीही पाळलेला असतो.

भक्तीसुद्धा हिशेब बनू शकते

उपाय म्हणून आपण लगेच भक्ती वाढवा असे म्हणू. पण येथेही सावध राहिले पाहिजे, कारण भक्तीलाही हिशेबाची बाधा होते. पवित्र हृदयाची भक्ती कडक धार्मिकतेच्या थंडीत प्रेमाची ऊब घेऊन आली. त्याच भक्तीतील नऊ पहिल्या शुक्रवारांची प्रथा आज काही जण विम्याच्या हप्त्यांप्रमाणे मोजतात. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नित्यसाहाय्य मातेच्या नोव्हेनासाठी प्रचंड गर्दी होते आणि त्यात अन्य धर्मीय बांधवही श्रद्धेने येतात. त्यांपैकी कितीतरी जणांच्या डोळ्यांत खरे अश्रू असतात. परंतु नऊ बुधवार पुरे झाले, आता मागितलेले मिळालेच पाहिजे, असे मनात आले की मातेच्या पदराला धरलेला हात व्यवहाराची मागणी करू लागतो. २०२५ सालच्या ज्युबिली वर्षात पापांच्या शिक्षेतून मुक्तीसाठी यात्रा, पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद आणि पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना ह्या अटी सांगण्यात आल्या होत्या. त्यांत पापाची ओढ मनातून सोडणे हीही एक अट होती. चारही बाबी पूर्ण करणाऱ्यांतून ही पाचवी किती जणांच्या ध्यानात राहिली?

मराठी ख्रिस्ती परंपरेने ह्या बाबतीत आपल्याला फार पूर्वी वाट दाखवली आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून येऊन गोव्यातील साष्टी प्रांतात राहिले. त्यांनी नव्या श्रद्धावंतांसाठी कोकणीतून प्रश्नोत्तररूपी धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली राशोल येथे छापले गेले. श्रद्धेचे नियम व सिद्धान्त लोकांना कळले पाहिजेत हे त्यांना ठाऊक होते. पण तेवढ्यावर भागणार नाही हेही त्यांनी ओळखले. १६१६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांचे आहे. लोकांनी ते चर्चमध्ये ऐकले, घरी गाईले आणि प्रभूची कथा आपल्याच भाषेत मनात साठवली. एकाच माणसाने धर्मशिक्षणाचे पुस्तकही लिहिले आणि पुराणही लिहिले, ह्यात आपल्यासाठी मोठा अर्थ आहे. आज आपल्या वर्गांत पहिल्या पुस्तकाची परंपरा बऱ्यापैकी टिकली आहे. दुसऱ्याची फार थोडी.

दुसऱ्या टोकाचा धोका

कर्मठपणाला कंटाळून काही जण उलट टोकाला जातात. मनात श्रद्धा आहे, मग चर्च कशाला, असे ते म्हणतात. काही कुटुंबे तर कॅथलिक ख्रिस्तसभेत फक्त विधी आहेत, प्रभू नाही, असे म्हणून अन्य प्रार्थनागटांत गेली आहेत. त्यांच्या आरोपातील वेदना आपण ऐकली पाहिजे. आपल्याकडे आपुलकी आणि जिवंत प्रार्थना मिळाली असती तर त्यांतील कित्येक जण गेले नसते. परंतु त्यांचा निष्कर्ष स्वीकारता येत नाही. नियमाविना भक्ती भावनेच्या लाटेवर तरंगते. मनाला बरे वाटते तोवर प्रार्थना, मन कोरडे झाले की तीही बंद. आजारपणात, दुःखात, प्रार्थनेत गोडी नसतानाही माणूस रविवारी उठून मिस्सेला येतो, तेव्हा त्याचा नियम त्याच्या भक्तीला आधार देत असतो. रात्री झोप येत असतानाही तापलेल्या लेकराजवळ बसणाऱ्या आईला तेव्हा गोड वाटत असेलच असे नाही. तरी तिचे ते बसणे प्रेमच असते. म्हणून कोरड्या मनाने पण निष्ठेने नियम पाळणाऱ्याला कर्मठ म्हणू नये. प्रेम ओसरले आहे ह्याची ज्याला खंत वाटते, तो प्रेमापासून दूर नाही.

आपण काय करावे?

ह्यासाठी मोठ्या योजनांची आवश्यकता नाही. घरात रोज दहा मिनिटे कुटुंबाने एकत्र येऊन दिवसाचे शुभवर्तमान मराठीतून वाचावे, थोडा वेळ शांत राहावे आणि प्रत्येकाने एक वाक्य प्रभूशी आपल्या शब्दांत बोलावे. मिस्सेला दहा मिनिटे आधी यावे. उशिराची मर्यादा विचारण्याची गरजच राहणार नाही. पापनिवेदनाला जाताना मोडलेल्या नियमांच्या यादीबरोबर दुखावलेल्या माणसांचीही आठवण ठेवावी, आणि परतताना त्यांपैकी एकाच्या दारी जावे. धर्मशिक्षकांनी प्रत्येक धड्याच्या शेवटी मुलांना पाच मिनिटे मौन प्रार्थना शिकवावी. परीक्षेत त्याला गुण नसतील, तेच बरे. धर्मग्राम कार्यालयात दाखल्यासाठी येणाऱ्या माणसाला कागदपत्रांची यादी देण्यापूर्वी त्याची विचारपूस व्हावी. नियम सांगावाच लागेल, कधी नाहीही म्हणावे लागेल. पण ते पित्याच्या घरातून सांगितलेले असावे.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला भाऊ आपल्यासारख्या नियमित लोकांनी पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे. त्याने कधीही आज्ञा मोडली नव्हती. इतकी वर्षे तो शेतात राबला होता. तरी घरात आनंदाचा आवाज ऐकू आला तेव्हा तो बाहेरच थांबला, कारण त्याने स्वतःला मुलगा नव्हे तर चाकर समजले होते. विशेष म्हणजे पिता त्याच्यासाठीही बाहेर आला. तो शेवटी आत गेला की नाही, हे संत लूक सांगत नाहीत.

प्रकटीकरणाच्या पुस्तकात इफिसच्या ख्रिस्तसभेला पाठवलेला निरोप आहे (प्रकटीकरण २:१-७). त्या सभेचे श्रम, तिची सहनशीलता आणि खोट्या शिक्षकांना ओळखण्याची तिची दक्षता ह्यांची प्रभू प्रशंसा करतो. आजच्या भाषेत ती सर्व बाबतींत आदर्श धर्मग्राम ठरली असती. तरी तिच्याविरुद्ध त्याचे एक म्हणणे आहे: तिने आपले पहिले प्रेम सोडले आहे. त्यावर तो नवा नियम देत नाही. कोठून पडलात ते आठवा, पश्चात्ताप करा आणि पहिल्यासारखी कामे करा, एवढेच सांगतो. ज्या सभेचे नियमपालन निर्दोष होते तिलाच हा निरोप मिळाला, हे आपण विसरू नये. रविवारची आपली हजेरी, आपले उपवास आणि आपल्या जपमाळा प्रभूला प्रिय आहेत. त्यांच्यामागे असणारे मन तो अजूनही मागत आहे. ते देण्याची कृपा पवित्र आत्मा आपणां सर्वांना देवो, हीच प्रार्थना.